निनावी फॉर्मना खुलं उत्तर

द्वितीय वर्ष संख्याशास्त्राच्या संपूर्ण वर्गास (न येणाऱ्यांसह),

सेमिस्टरची शेवटची दोन लेक्चर उरली असताना तुम्ही माझ्याबद्दल भरलेले फीडबॅक फॉर्म माझ्या हातात पडले. वर्गात तुम्ही ६१, फॉर्म ४३. नाव नाही, रोल नंबर नाही, त्यामुळे एखाद्याला बोलावून ‘बाबा रे, हे असं का लिहिलंस’ म्हणून विचारायची सोय नाही. निनावी लिहिलंत ते योग्यच केलंत. समोरच्याच्या हातात इंटर्नलचे मार्क असताना मीही सही केली नसती. पण निनावी पत्राला उत्तर द्यायचं तर सगळ्यांच्या देखत द्यावं लागतं, म्हणून हे खुलं पत्र. यातला कुठला भाग आपल्यासाठी आहे ते ज्याचं त्याने ओळखावं.

आधी आकडे, कारण सवय जात नाही. ऑफिसने काढून दिलेली माझी सरासरी ५ पैकी ३.६ आहे. ‘शिकवण्याचा वेग’ या प्रश्नाला तुमच्यापैकी १७ जणांनी ‘फार जास्त’वर खूण केली, १६ जणांनी ‘फार कमी’वर, आणि उरलेल्या दहा जणांना वेग बरा वाटला. सरासरी काढली तर माझा वेग जवळजवळ तंतोतंत योग्य. कागदावर तसंच छापून आलंय, ‘समाधानकारक’ म्हणून. दोन टोकांना गर्दी असली की सरासरी मध्ये जिथे पडते तिथे फारसं कोणी बसलेलं नसतं, हे मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आपल्या वर्गात तर ती जागा बोट ठेवून दाखवता येते. पुढचे बाक भरलेले, मागचे ओसंडून वाहणारे आणि मधल्या दोन बाकांवर फक्त तुमच्या बॅगा.

सहा जणांनी सगळ्या प्रश्नांना ५ दिलेत, वरपासून खालपर्यंत एका रेघेत. त्यांचे आभार, पण त्यात ‘प्रयोगशाळेतील उपकरणांची स्थिती’ला सुद्धा ५ आहेत आणि आपल्या विषयाला त्या प्रकारची प्रयोगशाळाच नाही. दोघांनी सगळीकडे १ दिलाय. ‘शिक्षक वर्गात वेळेवर येतात का?’ यालाही १. मला फक्त एवढंच विचारायचंय, की मी वेळेवर येते की नाही हे कळायला जी वेळ लागते, त्या वेळेला तुम्ही तिथे होतात का?

आता न आलेल्या १८ फॉर्मबद्दल. १९३६ सालच्या अमेरिकन निवडणुकीची गोष्ट मी दरवर्षी सांगते, यंदाही सांगितली. ‘लिटररी डायजेस्ट’ या मासिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या, आणि एवढ्या प्रचंड आकड्याच्या जोरावर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पाठवायची यादी टेलिफोन आणि गाड्या असलेल्यांकडे झुकलेली होती, आणि ज्यांनी पत्रिका परत पाठवली नाही ते पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. गोष्ट सांगून झाल्यावर मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, ‘कोण बोललं नाही ते आधी पाहा.’ फॉर्मचा गठ्ठा हातात घेतला तेव्हा मात्र मी काय पाहिलं? सरासरी. त्या अठरांची आठवण मला तीन दिवसांनी झाली.

त्या अठरांपैकी बरेच जण फॉर्म वाटले त्या दिवशी गैरहजर होते. मस्टरमध्ये मात्र ते हजर आहेत.

तर मग हजेरीचं बोलूनच घेऊ. २३, ३१ आणि ४४ या तीन नंबरांची ‘येस मॅम’ एकाच घशातून येते, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. घसा कोणाचा ते कळत नव्हतं, कारण मी खाली मान घालून मस्टरवर खुणा करत असते. पण कारागिरीला दाद द्यायला हवी. २३ ला साधा आवाज, ३१ ला थोडा जाड आणि झोपाळलेला, ४४ ला किंचित खोकून. एके दिवशी ३१ नंबर स्वतः उगवला आणि एकाच वेळी दोन ‘येस मॅम’ आल्या. खऱ्या ३१ चा आवाज बारीक निघाला. वर्ग हसला, मी पण हसले, आणि हजेरी मात्र दोघांतल्या एकालाच लावता आली.

तुमचा एक गैरसमज दूर करते. फळ्याजवळून सगळं दिसतं. बाकाखाली मोबाईल धरला की हनुवटीला खालून उजेड येतो आणि माणूस नाटकातल्या भुतासारखा दिसतो. मागच्या बाकांवर अशी पाच-सहा भुतं मी रोज पाहते. वहीत मान घालून भराभरा लिहिणारा जर मी फळा पुसत असतानाही लिहीत असेल, तर तो दुसऱ्याच कुठल्या विषयाचं जर्नल पूर्ण करतोय हेही कळतं. त्याचं सबमिशन कधी आहे ते पण अंदाजाने सांगू शकते.

सबमिशनवरून आठवलं. मुदत रात्री १२ ची असली की ११ वाजून ५० मिनिटांपर्यंत चार फाईल आलेल्या असतात आणि पुढच्या दहा मिनिटांत पन्नास येतात. फाईलींची नावं म्हणजे एकेक कादंबरी आहे. ‘असाइनमेंट फायनल’, ‘फायनल २’, ‘नक्की फायनल’, ‘हीच बघा मॅम’. मेलचा विषय रिकामा. मजकूर असलाच तर सुरुवात ‘आदरणीय सर’. गेली कित्येक वर्षं मी तुमच्यासमोर साडी नाहीतर कुर्ता घालून उभी आहे, पण ते असो. एका मेलमध्ये विषय नव्हता, मजकूर नव्हता आणि फाईलही नव्हती. नुसता मेल. तो मी जपून ठेवलाय. वाईट दिवशी उघडून बघते.

यंदाच्या दुसऱ्या असाइनमेंटमध्ये ११ जणांच्या कागदावर सात गुणिले आठ चोपन्न झाले. पुढचं प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप, त्या चोपन्नावर उभं, म्हणजे अकराही जणांचं उत्तर दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांपर्यंत सारखं आणि सारखंच चूक. त्याच पद्धतीने, त्याच ओळी तोडून लिहिलेला बारावा कागद सापडला, ज्यात चोपन्न खोडून छप्पन्न केलं होतं. मूळ मालक तोच. शेवटच्या क्षणी त्याने आपली चूक दुरुस्त केली आणि बाकीच्यांना कळवायचं राहून गेलं. त्या अकरांनी माझ्यावर चिडण्याऐवजी त्याच्याशी बोलावं.

आणि हल्ली एक नवा सहलेखक आलाय, ज्याला झोप नाही, भूक नाही आणि शुद्धलेखनाची चूक नाही. त्याच्याबद्दल फार बोलत नाही, माझं त्यावरचं मत अजून ठरतंय. फक्त त्याची पहिली ओळ तरी पुसत जा. एका उत्तराची सुरुवात होती, ‘नक्कीच! मी तुम्हाला हे सोप्या भाषेत समजावून देतो.’ कागद एका मुलीचा होता.

आता आज्यांकडे वळते. माइक ॲडम्स नावाच्या अमेरिकेतल्या एका जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात चेहरा गंभीर ठेवून एक लेख लिहिला. परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या आज्या दगावण्याचं प्रमाण वाढतं, आणि ज्या विद्यार्थ्याची प्रगती वाईट त्याच्या आजीला धोका जास्त, असं त्यांनी आकडेवारी देऊन दाखवलं. हा लेख आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांना वाचून दाखवतो आणि दर वेळी हसतो. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे शिकवायला याहून गोड उदाहरण नाही.

तरी तुमच्यापैकी कोणी येऊन ‘आजी गेली’ म्हटलं तर मी पुरावा मागत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. काहींनी तर त्याचा फायदाही घेतलाय. एकाच्या वडिलांच्या आई दोनदा वारल्या. पुरावा न मागण्याचं कारण तुमच्याच अभ्यासक्रमात आहे, चौथ्या युनिटमध्ये. ‘हा खरं बोलतोय’ हे आपलं गृहीतक धरा. ते खरं असताना नाकारलं तर पहिल्या प्रकारची चूक, खोटं असताना मान्य केलं तर दुसऱ्या प्रकारची. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत, त्यामुळे कुठली चूक जास्त महाग ते आधी ठरवायचं. दुसऱ्या प्रकारच्या चुकीत माझा एक असाइनमेंट चार दिवस उशिरा येतो. पहिल्या प्रकारच्या चुकीत, कालच जिला पोहोचवून आलाय तिचा दाखला घेऊन ये, असं मी एका वीस वर्षांच्या मुलाला सांगितलेलं असतं. ती चूक मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा केली आहे. त्या मुलाने काही न बोलता फोनमधला फोटो दाखवला होता. तेव्हापासून मी दुसऱ्या प्रकारात राहते. त्या दोनदा वारलेल्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

मार्कांबद्दल फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त लिहिलंय. ‘पेपर कडक तपासतात.’ ‘अर्धा मार्क पण देत नाहीत.’ यावर मला एक कबुली द्यायची आहे. कबुली माझीच असली तरी तिचं मूळ १९१२ सालात आहे. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी त्या वर्षी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती वेगवेगळ्या शाळांत पाठवून १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत मार्क मिळाले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. लोक म्हणाले, भाषा विषय आहे, असं होणारच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिला २८ पासून ९५ पर्यंत मार्क पडले. भूमितीला!

हे वाचल्यावर मी एकदा माझ्याच दहा उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, मार्क लिहिण्याआधीच्या, बाजूला काढून ठेवल्या आणि तीन आठवड्यांनी कोऱ्या मनाने पुन्हा तपासल्या. चारांना तेवढेच मार्क पडले. बाकीच्यांत फरक आला आणि एकीत तो १० पैकी अडीच मार्कांचा होता. पहिल्यांदा ती गठ्ठ्याच्या तळाशी होती, रात्री साडेअकराच्या सुमारास तपासलेली. तेव्हापासून मी गठ्ठा सलग तपासत नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, आणि प्रत्येक वेळी क्रम उलटा करते. वेळ दुप्पट लागतो. म्हणून निकाल उशिरा लागतो, ज्याबद्दल फॉर्ममध्ये स्वतंत्र तक्रार आहे.

तेव्हा तुम्ही अर्ध्या मार्कासाठी दारात उभे राहता तेव्हा मी वैतागते ती तुमच्या हावरटपणावर नाही. तो अर्धा मार्क कुठून आला हे मला शपथेवर सांगता येत नाही म्हणून वैतागते. दुसरा वैताग असा, की अर्ध्या मार्कासाठी येणाऱ्या दहांतला एखादाच ‘माझं चुकलं कुठे’ विचारतो. बाकीचे मोबाईलवर बेरीज करून आणतात. ती बेरीज मात्र कधीच चुकत नाही, आणि तेव्हा वाटतं, परीक्षेतच कुठे गेलं होतं हे सगळं.

आता शेवटच्या रकान्यातल्या सूचना. ‘मॅम छान शिकवतात, लेक्चर थोडी कमी घ्यावीत.’ नोंद घेतली. ‘वर्गातला पंखा.’ एवढंच, पुढे काही नाही. पण मला कळलं, आणि पंख्याबद्दल मी स्वतः चार अर्ज दिलेत. ज्याने पंखा खरंच दुरुस्त होतो तो फॉर्म कुठे मिळतो ते तुम्हाला माहीत असेल तर मलाही सांगा.

‘थोडे विनोद सांगत जा, लेक्चरला मजा येत नाही.’ हे वाचून मी आधी डॉक्टर फॉक्सचा आधार घेतला. १९७० साली अमेरिकेत मानसोपचार आणि समाजकार्य शिकवणाऱ्या लोकांसमोर डॉ. मायरन फॉक्स नावाच्या तज्ज्ञांचं व्याख्यान झालं, वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा वापर या विषयावर. डॉक्टर प्रत्यक्षात एक नट होते. त्यांना मुद्दाम परस्परविरोधी विधानं, अर्थहीन शब्द आणि विषयाशी संबंध नसलेले विनोद अशी तालीम दिली होती. श्रोत्यांनी फीडबॅक फॉर्म भरले आणि ते झकास होते. एकाने तर डॉ. फॉक्स यांचं लेखन आपण आधी वाचल्याचंही लिहिलं. हा किस्सा कमी गुण मिळालेल्या शिक्षकाच्या फार कामाचा असतो. दोन दिवस मी तो स्टाफरूममध्ये भेटेल त्याला सांगत होते. तिसऱ्या दिवशी एक सहकारी शांतपणे म्हणाले, ‘बाई, चांगला फीडबॅक मिळालेला माणूस हा किस्सा कधी सांगत नाही.’

आणखी दोन सूचना होत्या. एक नऊ जणांनी लिहिली होती, ‘फळ्यावरचं अक्षर समजत नाही.’ नऊ जणांनी एकच गोष्ट लिहिली तर तिच्याकडे बघावं, हे मला कळायला हवं होतं. पण माझं अक्षर वळणदार आहे, शाळेत बक्षीस मिळालंय त्याला. तुमच्या चष्म्याचे नंबर वाढले असतील असं म्हणून मी ती सोडून दिली.

दुसरी एकाच फॉर्ममध्ये होती. निळ्या पेनने, बारीक अक्षरात. ‘मॅम प्रश्न विचारतात आणि उत्तर पण स्वतःच देतात. मग विचारतात कशाला?’

ही मला झोंबली. कारण तुमच्याबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच होती की तुम्ही बोलत नाही. मी विचारते, समजलं का? भिंती उत्तर देतील, तुम्ही नाही. कोणाला शंका? साठ चेहरे माझ्याकडे असे बघतात जणू मी कुठल्या बेपत्ता माणसाची चौकशी करतेय. आणि मग परीक्षेत त्याच प्रश्नाखाली कोरी जागा, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रश्नच सुंदर अक्षरात पुन्हा उतरवलेला आणि खाली दोन रेघा. घरी यावर मी इतकं बोललेय की घरच्यांना तुम्हा सगळ्यांचा राग आहे.

नेमकं त्याच आठवड्यात, पाय मोडून घरी असलेल्या एका मुलासाठी मी एक लेक्चर फोनवर रेकॉर्ड केलं होतं. पाठवण्यापूर्वी आवाज नीट आलाय का ते बघायला ऐकत बसले, आणि त्या निळ्या पेनवाल्याला खोटं पाडायचं म्हणून फोनवरचं स्टॉपवॉच लावलं. सव्वीस प्रश्न विचारले होते मी. प्रश्न संपल्यापासून माझं पुढचं वाक्य सुरू होईपर्यंतचा वेळ मोजत गेले. एक सेकंद. एक सेकंद. पाऊण सेकंद. ‘समजलं? बरं, पुढे जाऊ.’ यात ‘समजलं’ आणि ‘बरं’ यांच्यामध्ये श्वाससुद्धा घेतला नव्हता. सव्वीसांपैकी तीन सेकंदांहून जास्त शांतता फक्त दोनदा होती. त्यातल्या एकदा मी डस्टर शोधत होते.

मग वाचलं. मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी वर्गांची शेकडो रेकॉर्डिंग ऐकून हेच मोजलं होतं आणि १९७४ साली त्यावर लिहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतात. त्यांचं बरचसं काम लहान मुलांच्या वर्गातलं, पण एक सेकंद तो एक सेकंदच. मी वीस वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट विचारत होते आणि तुम्हाला, वीस मिनिटांपूर्वी ऐकलेल्या गोष्टीवर, वाक्य जुळवायला एक सेकंद देत होते. वर तुम्ही मुके आहात असं घरी सांगत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान त्या गुरुवारी जे आले होते त्यांना. उजळणीचं शेवटचं लेक्चर. मी फळ्यावर प्रमाण विचलनाची दोन सूत्रं शेजारी शेजारी लिहिली, एक अख्ख्या समूहाचं (पॉप्युलेशन), एक त्यातून उचललेल्या नमुन्याचं (सॅम्पल), दोन्हींत ‘एन’ म्हणजे आकड्यांची संख्या, आणि विचारलं, ‘सॅम्पल असलं की एन वजा एकने का भागायचं?’ आणि थांबले. मनात आकडे मोजत.

तीन सेकंद ऐकायला काही वाटत नाहीत. वर्गात उभं राहून मोजून बघा. दोनला पंख्याची कुरकुर ऐकू आली. चारला पुढच्या बाकावरच्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. पाचला मागच्या दोन भुतांच्या हनुवट्यांवरचा उजेड विझला, कारण मॅम गप्प का झाल्या म्हणून त्यांनी वर पाहिलं. सहाला माझ्या जिभेवर उत्तर आलं आणि मी ते गिळलं. तुम्हाला वाटलं असेल मला चक्कर येतेय. साताला की आठाला, भिंतीजवळच्या बाकावरून, जिचा आवाज मी वर्षभरात हजेरीव्यतिरिक्त ऐकला नव्हता तिने विचारलं, ‘मॅम, यातला कुठला एन मोठा आणि कुठला छोटा? तुमचे दोन्ही सारखेच दिसतात.’

मी मागे वळून फळ्याकडे पाहिलं. दोन्ही सारखेच होते. वळणदार आणि सारखेच. पॉप्युलेशनचा मोठा एन आणि सॅम्पलचा छोटा एन, ज्यांच्यातल्या फरकावर अख्खं युनिट उभं आहे, ते मी वर्षभर जुळ्या भावांसारखे काढत होते. ‘किती जणांना हा घोळ होता?’ म्हणून विचारलं आणि पुन्हा थांबले. हात वर यायला लागले. मी मोजले, चौतीस. सरासरी पाहून मला जे कळलं नव्हतं ते नऊ फॉर्ममध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं.

त्यानंतरची वीस मिनिटं या सेमिस्टरमधली सर्वांत चांगली गेली, माझी तरी. तीन आकडे घ्या, त्यांची सरासरी ५ आहे, पहिला ३, दुसरा ४, तर तिसरा सांगा, म्हटल्यावर मागून कोणीतरी ‘आठ’ ओरडलं. दुसरा काही असू शकतो का? नाही. मग आपल्या मर्जीने किती आकडे निवडता आले? दोन. तीनमधून एक वजा. ‘म्हणजे शेवटच्याला चॉइसच नाही,’ असं एक भूत म्हणालं. बरोबर. सरासरी त्याच आकड्यांवरून काढली की शेवटचा बांधला गेला, आणि तीनने भागलं तर पसारा आहे त्यापेक्षा सरासरीने कमी दिसतो. हे मी तीन महिन्यांपूर्वी फळाभर लिहून सिद्ध केलं होतं. तेव्हा तुम्ही ते उतरवून घेतलंत, दोन्ही एन सारखे काढून.

पुढच्या सेमिस्टरला मीच आहे तुम्हाला, बदल झालेला नाही. तेव्हा काही गोष्टी आधीच ठरवू. मोठा एन मी छापील काढीन, दोन्ही बाजूंना सरळ काठ्या देऊन. प्रश्न विचारल्यावर गप्प राहीन. त्या शांततेत तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. मला तुमच्याहून जास्त होतं, पण त्याची सवय करते आहे. दर शुक्रवारी शेवटची पाच मिनिटं एक कोरी चिठ्ठी फिरेल, निनावीच, तिच्यावर या आठवड्यात कळलं नाही असं काहीही एक लिहायचं. सेमिस्टर संपल्यावर अक्षर समजत नाही असं कळून मी त्या सेमिस्टरचं काय करू? ‘सगळं कळलं’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या मी मोजणार नाही. आणि ‘पंखा’ लिहू नका, त्याचं चालू आहे.

निळ्या पेनवाल्या, किंवा वाली, तुला भेटायची इच्छा आहे. नको असेल तर हरकत नाही.

तुमची,
स्टॅट्सची मॅडम

ता. क. त्या दिवशी फोनचं रेकॉर्डिंग मी वर्गात शिरतानाच चालू केलं होतं, त्यामुळे त्यात हजेरीही आली आहे. फोन पुढून दुसऱ्या बाकावर ठेवला होता. २३ आणि ४४ निवांत राहा. ३१ चा जाड आवाज काढताना तू टोपणाशी जो चाळा करतोस, तो फार स्पष्ट ऐकू येतो. त्या गुरुवारी चारला तोच ऐकला. पुढच्या सेमिस्टरला हजेरी मान वर करून घेईन.